आण्णांच्या बाथरूमचं काम: सांगलीतला मिस्त्री, सॅनिटरीचं दुकान आणि आमचा सगळा हिशेब

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या वडिलांसाठी, आण्णांसाठी, बाथरूम नव्यानं करून घेतलं, त्याची ही हकीकत. मिस्त्रीचं काम खूप आवडलं, दुकान ठीकठाक, ११ दिवसांचं काम १७ दिवस चाललं आणि पैसे ठरवले तेवढ्यातच बसले. ज्यांना घाई आहे त्यांना एवढं पुरे. पण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, खुब्याचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पॅरालिसिस होऊन गेलाय, त्यांनी जरा बसून वाचा, कारण ह्या मिस्त्रीपर्यंत पोचायच्या आधी आम्ही दोनदा पैसे घातले आणि दोन्ही वेळा वाया गेले.

आमचं माहेरचं घर सांगलीच्या गावभागात, जुनं, बैठं. आण्णा ७६ वर्षांचे. मागच्या नोव्हेंबरात सकाळी न्हाणीत पाय घसरला आणि पडले. न्हाणीचं दार आत उघडणारं, २४ इंची, आणि आण्णा पडले ते नेमके दाराला पाठ लावून. आई बाहेरनं ढकलतीय, दार चार बोटं उघडतंय आणि त्यांच्या पाठीत रुततंय, जोर लावला की ते कळवळतायत. शेवटी शेजारच्या पोरानं मागच्या खिडकीचे गज उचकटून आत उडी टाकली तेव्हा कुठं दार उघडलं, तोवर अर्धा तास गेला होता. मिरजेत ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. घरी सोडताना फिजिओथेरपिस्टनं बजावून सांगितलं की आता खाली बसायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, पाट बंद, भारतीय संडास बंद. आणि आमच्याकडं तेव्हा होतं काय, तर शहाबादी फरशीची न्हाणी, तिला लागून भारतीय संडास, मध्ये साडेचार इंची भिंत, आणि दोन्हीत उतरायला चार इंचाची पायरी.

पहिला खर्च दादानं पुण्यातनं केला. ऑनलाइन दोन दांड्या मागवल्या, धरून उठाबसायला, रबराच्या वाटीनं टाइल्सला चिकटणाऱ्या, खिळा नको की ड्रिल नको. सकाळी चिकटवली, मी स्वतः ओढून बघितली, घट्ट. दुसऱ्या दिवशी आई पुसायला गेली तर हातात आली. त्या वस्तूचा दोष म्हणून मी हे सांगत नाही, ती वाटी गुळगुळीत अखंड पृष्ठभागावरच आतली हवा निघून चिकटून राहते, टाइल्सचा सांधा आला, साबणाचा थर आला, टाइल खडबडीत असली की हवा शिरते आणि सुटते. पण म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार अशा वाटीवर सोडायचा नसतो, कुणीही कितीही सांगू दे.

दुसरा खर्च मी केला. एक प्लंबर आणला, त्यानं दुकानातनं स्टीलची दांडी आणली, भिंतीला चार भोकं पाडली, प्लास्टिकचे गट्टू ठोकले, स्क्रू आवळले, ३,२०० रुपये घेतले आणि पाऊण तासात गेला. आठव्या दिवशी आण्णा कमोड खुर्चीवरनं उठताना दांडी भिंतीतनं गट्टूसकट उपसून आली. नशीब आई मागं उभी होती. भोकात बोट घातलं तर आत नुसती माती, जुन्या घराची वीट, मातीत रचलेली, वरनं सिमेंटचा गिलावा. त्या भिंतीत गट्टू धरणार कशाला? दांडी चांगली होती, भिंतच धरणारी नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या कामात पैसे घालायचे ते भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली, वरचं चकचकीत काय ते नंतर बघता येतंय.

मग फिजिओथेरपीला येणाऱ्या एका काकूंच्या घरचं बाथरूम बघितलं, त्यांच्या मालकांना पॅरालिसिस झालेला. तिथं हा मिस्त्री मिळाला. नाव लिहू नका म्हणालाय, माणसं कमी आहेत आणि आहे तीच कामं उरकत नाहीत म्हणून.

पहिल्या दिवशी तो आला तो टेप घेऊन आणि पहिलं माप घेतलं ते आण्णांचं. खोलीचं नंतर. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आण्णांना बसवलं, "आण्णा, हात न लावता उठून दाखवा बघू." आण्णांना जमेना. खुर्चीच्या सीटवर प्लायवूडचा एक तुकडा ठेवला, परत बसवलं. मग दुसरा तुकडा. तिसऱ्या तुकड्यावर आण्णा एका हातानं वॉकर धरून सावकाश का होईना पण आपले आपण उठले. त्यानं टेप लावली, साडेअठरा इंच. साधा कमोड सीटसकट १६ इंचाच्या आसपास असतो, आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या (म्हातारी, अपंग माणसं सहज वावरतील अशा बांधकामाच्या) ज्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यात सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर म्हणजे पावणेअठरा ते एकोणीस इंच दिलीय. मिस्त्रीनं ते कागद वाचलेले नव्हते, त्याचं उत्तर प्लायवूडच्या तीन तुकड्यांवर आलं आणि बरोबर आलं.

मग न्हाणीच्या भिंतीपाशी खुर्ची नेली, आण्णांना बसवलं आणि म्हणाला डोळे मिटा. "आता उठायचंय असं समजा आन् हात आपोआप कुठं जातोय तिकडं जाऊ द्या." आण्णांचा उजवा हात भिंतीवर टेकला, मिस्त्रीनं खडूनं तिथं फुली मारली. असं तीनदा केलं, बसताना, उठताना आणि वळताना. तीन फुल्या काही एका रेषेत नव्हत्या. अमेरिकेच्या नियमात दांडीची उंची जमिनीपासनं ३३ ते ३६ इंच असते, आण्णा पाच फूट तीन इंच, त्यांचा हात ३१ वर जात होता. मिस्त्री म्हणाला, "ताई, दांडी शोधायला लागली की माणूस पडला समजा. हात जातोय तिथंच ती पायजे." ह्या एका वाक्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिलेत. त्या खडूच्या फुल्यांचा मी फोटो काढून ठेवला, आणि नंतर टाइल्स बसल्यावर फुल्या झाकल्या गेल्या तेव्हा त्या फोटोवरनंच मापं काढली, तुम्ही पण काढून ठेवा.

आता दांडी धरायला भिंत. त्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंतभर टकटक केली. बाहेरची नऊ इंची भिंत, तिच्यात दांडीच्या उंचीला नऊ इंच रुंद पट्टा खोदून काढला, सळ्या टाकल्या आणि काँक्रीट भरलं, सात दिवस पाणी मारलं, मग त्या पट्ट्यात अँकर बोल्ट. पॅसेजकडच्या साडेचार इंची भिंतीत मात्र पट्टा नाही, "ह्या भितीत दम नाय, आरपार बोल्ट टाकूया" म्हणाला आणि पलीकडच्या बाजूला सहा बाय सहा इंचाची पाच एमएमची लोखंडी प्लेट लावून नट आवळले. प्लेट पॅसेजमध्ये दिसते, तिच्यावर लाकडी पट्टी मारून आईनं टॉवेल अडकवायच्या खुंट्या केल्यात. प्लेटा आणि बोल्ट फॅब्रिकेटरकडनं १,६०० ला झाले. सगळ्या खर्चात हे १,६०० सगळ्यात कामाचे. दांडी बसवून झाल्यावर मिस्त्री स्वतः दोन्ही हातांनी तिला लोंबकळला, मग गड्याला लोंबकळायला लावलं. अमेरिकेच्या नियमात अशा दांडीनं २५० पौंड म्हणजे ११३ किलो भार झेलला पाहिजे असं आहे, आमच्याकडं ते मोजायला काही नव्हतं पण दोन धडधाकट माणसं लोंबकळली आणि गिलाव्याचा कणसुद्धा सुटला नाही, माझ्यासाठी तेवढं बास होतं.

नियोजनाचं बोलायचं तर मुख्य प्रश्न होता जागेचा. न्हाणी पाच बाय साडेचार फूट, संडास पाच बाय तीन. मधली भिंत पाडली की पाच बाय आठ. मधल्या भिंतीवर छताचा भार नाही ना हे मिस्त्रीनं वर चढून बघितलं, ओळखीच्या इंजिनिअरला पण एकदा दाखवून घेतलं, त्यांनी पैसे घेतले नाहीत. व्हीलचेअर जागेवर वळायला पाच फुटांचा गोल मोकळा लागतोय. आण्णा आज वॉकरवर आहेत, उद्याचं कुणी सांगावं, म्हणून कमोड एका टोकाला, आंघोळीची जागा दुसऱ्या टोकाला आणि मधलं सगळं मोकळं ठेवलं. पूर्ण गोल बसला नाही, बेसिनच्या खाली थोडा जातोय. म्हणून बेसिन खांब नसलेलं, भिंतीला टांगलेलं घेतलं, म्हणजे खुर्चीचे पाय आणि गुडघे त्याच्याखाली शिरतील.

दाराबद्दल मी कुणाचंही ऐकणार नव्हते. आत उघडणारं दार परत ह्या घरात नको. बाहेर उघडावं तर पॅसेज अरुंद. म्हणून सरकतं दार, वरनं टांगलेलं, खाली पट्टी नाही. त्या सरकारी सूचनांमध्ये ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच मोकळी रुंदी सांगितलीय, आमच्या भिंतीत तेवढी निघाली नाही, ३२ इंच मोकळे निघाले, त्यात व्हीलचेअर जाते. एक लक्षात ठेवा, दुकानदार दाराचं माप सांगतो ते चौकटीचं, तुम्ही विचारायचं ते दार पूर्ण उघडल्यावर मोकळं किती उरतंय ते. कडी अशी घेतली की बाहेरनं नाणं घालून फिरवली की उघडते. फळी लाकडाची नाही, पीव्हीसीची, कारण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात खिडकीपर्यंत आलं होतं आणि त्या पाण्यात लाकडी दारं फुगून जी बसली ती कापूनच काढावी लागली. २०२१ च्या जुलैत परत पाणी चौकापर्यंत येऊन थांबलं. नदीकाठच्या लोकांनी बाथरूम करताना ह्याचा विचार करायलाच पाहिजे. पूर चढला की गटारीतलं पाणी उलटं न्हाणी ट्रॅपमधनं, म्हणजे जमिनीतल्या जाळीतनं, वर येतं, म्हणून मिस्त्रीनं बाहेरच्या चेंबरमध्ये एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह टाकून दिला.

चार इंचाच्या पायरीचं काय करायचं ह्यावर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. रॅम्प करा म्हणाले, पण रॅम्पला एकास बारा उतार धरला तर चार इंचाला चार फूट लांबी लागते, आमच्या पॅसेजमध्ये चार फूट घालवले तर स्वयंपाकघराचं दार अडतंय. मिस्त्रीनं सांगितलं की बाथरूमचीच जमीन वर उचलू. भर टाकून पॅसेजच्या बरोबरीला आणली, दाराशी आडवी लांब जाळी टाकली म्हणजे पाणी बाहेर येणार नाही, आणि उतार आंघोळीच्या कोपऱ्याकडं फुटाला पाव इंच. त्याहून जास्त उतार केला तर वॉकर आपोआप सरकायला लागतो. आता उंबरा नाही, पायरी नाही, आण्णा पाय न उचलता आत जातात.

टाइल्समध्ये दुकानानं बरीच मदत केली. दुकान शंभर फुटी रोडच्या बाजूला. मी आधी मोठमोठ्या दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स बघत होते, दिसायला छान. तिथल्या माणसानं सांगितलं की बाथरूमच्या जमिनीला छोटी टाइल घ्या, एक बाय एक, सांधे जास्त येतात, सांध्यांनी पायाला पकड मिळते आणि उतार पण नीट बसतो. घसरण्याचा नंबर असतो, आर ९ पासून आर १३ पर्यंत, नंबर जास्त तशी पकड जास्त, मॅट म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा आर ९ च असतं, ओल्या जागेला आर १० किंवा ११ मागायचं आणि खोक्यावर छापलेलं बघायचं. आमच्या आण्णांना अंगाला तेल लावून आंघोळ करायची सवय, तेल आणि साबण जमिनीवर पडला की काय होतं ते आम्ही बघितलंय. मी सॅम्पलची टाइल घरी आणून तिच्यावर तेल आणि साबणाचं पाणी टाकून पायानं घासून बघितली, मगच ऑर्डर दिली. दुकानदार काही बोलला नाही, उलट दोन सॅम्पल दिले. ह्याबद्दल दुकानाला चांगले मार्क. रंगाचं आईनं ठरवलं. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पांढऱ्या भिंतीपुढं पांढरा कमोड त्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही, म्हणून कमोडच्या मागं गडद निळ्या टाइलचा उभा पट्टा घेतला आणि जमीन राखाडी.

आता आंघोळीचं. बाहेरची जी काही चित्रं मी बघितली त्यात सगळीकडं शॉवर. पण आण्णांनी आयुष्यभर बादली-तांब्यानं आंघोळ केलीय, पाटावर बसून. शॉवरखाली त्यांना आंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही, आणि ७६ व्या वर्षी मी कोण त्यांची सवय मोडणार. पण उंच खुर्चीवर बसलं की जमिनीवरच्या बादलीत तांब्या बुडवायला कंबरेत वाकायला लागतं, आणि वाकणं त्यांना बंद. मिस्त्रीनं खुर्चीच्या उजव्या हाताला १५ इंच उंचीचा टाइल्स लावलेला कट्टा बांधून दिला, त्याच्या कडा गोल केल्या, वर बादली बसते, नळ बरोबर बादलीवर येतो. बसल्या बसल्या तांब्या भरतोय. असा कट्टा मला कुठल्याच दुकानात, कुठल्याच चित्रात दिसला नव्हता, आणि आण्णांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तीच. शिवाय हँड शॉवर पण लावलाय, दीड मीटर पाइपचा, दुसऱ्या कुणी आंघोळ घालायची वेळ आली तर उपयोगी. नळ सगळे लांब दांड्याचे, मनगटानं ढकलले तरी चालतात.

गरम पाण्याबाबत एक सांगते. छतावर सोलर आहे, एप्रिलात त्याचं पाणी हात पोळेल इतकं येतं. ६० अंशाचं पाणी काही सेकंदातच कातडी भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, हात मागं घ्यायला वेळ लागतो. पाण्याचं तापमान आपोआप धरून ठेवणारा मिक्सर येतो पण तो आम्हाला परवडत नव्हता, म्हणून सोलरची लाइन ह्या बाथरूमला जोडलीच नाही. जुना गीझरच ठेवला, काटा ४५ वर, आणि इलेक्ट्रिशियनकडनं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला. बॅटरीवरची एक बेल घेतली, तिची दोरी जमिनीपासनं हातभर उंचीपर्यंत सोडलीय, पडलेला माणूस उभा राहून बटण दाबणार नाही ना.

हिशेबाकडं येते. आम्ही तीन ठिकाणी दर काढले. एकानं पूर्ण पॅकेज २,३५,००० सांगितलं, त्यात काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेला कमोड, छताचा शॉवर, आणि दांड्या फक्त दोन. भिंतीच्या आत काय करणार विचारलं तर उत्तर नाही. दुसऱ्यानं ९५,००० उक्ते सांगितले, पण कागदावर एकच ओळ, बाथरूम कम्प्लीट. ह्या मिस्त्रीनं मजुरी वेगळी आणि माल आमचा असं सांगितलं, आणि वहीच्या पानावर एकेक गोष्ट लिहून दिली. आम्ही मनाशी १,१०,००० धरले आणि वर १५ टक्के म्हणजे १६,५०० बाजूला काढून ठेवले, त्याला हात लावायचा नाही असं ठरवून. दादा म्हणाला कशाला, मी म्हटलं जुनं घर आहे, खोदल्याशिवाय काय निघेल कळत नाही. आणि निघालंच, संडासचा जुना मातीचा पाइप जमिनीखाली तीन ठिकाणी फुटलेला, तो सगळा बदलायला ५,५०० गेले.

झालेला खर्च १,२४,००० च्या आत. तोडफोड आणि राडारोडा उचलायला ९,०००. मिस्त्री रोज १,००० नी ११ दिवस, गडी ७०० नी १३ दिवस, मिळून २०,१००. मधले बाकीचे दिवस काम बंद होतं, त्याची मजुरी द्यावी लागली नाही. प्लंबरची मजुरी ९,०००, वाळू-सिमेंट-विटा-वॉटरप्रूफिंग १४,५००, सगळ्या टाइल्स १०,००० च्या आसपास. उंच कमोड फ्लश टँक आणि जेटसकट ११,८००, सरकतं दार १२,५००. दांड्या चार घेतल्या, दोन सरळ, एक एल आकाराची आणि एक वर दुमडणारी, ८,८००, सगळ्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या, कारण आमच्याकडं बोअरचं पाणी, त्यात साध्या लोखंडावरचं पॉलिश वर्षभर टिकत नाही. दुमडणारी एकटीच ३,९०० ची, पण कमोडच्या मोकळ्या बाजूला ती लागतेच, व्हीलचेअर बाजूला लावायची झाली की ती वर उचलायची. बाकी नळ, पाइप, लाइट, बेसिन, आंघोळीची खुर्ची असं किरकोळ किरकोळ करत २६,००० च्या वर गेलं, किरकोळ म्हणून सोडलेल्या गोष्टींचा आकडा आधी कुणीच धरत नाही.

टांगलेला कमोड का नाही घेतला असं दादा विचारत होता, तो पाहिजे त्या उंचीला लावता येतो हे खरं, पण त्याला आत लोखंडी फ्रेम लागते नाहीतर जाड भिंत, आणि आमच्याकडं त्या बाजूला दोन्ही नाही. १८ इंची उंच कमोड जमिनीवर बसवला, वर जाड सीट, साडेअठरा झाले, विषय संपला. स्वस्तात करायचं तर साधा कमोड ओट्यावर ठेवतात, पण ओट्याच्या कडेला पायाची बोटं ठेचतात आणि वॉकर जवळ जात नाही, ते करू नका.

पैसे कमी असतील तर काय आधी, असं मला दोघीतिघींनी विचारलं. माझ्या मते भिंतीतला पट्टा, जमिनीचा उतार, दार आणि ड्रेनेज एकाच वेळी करून घ्या, कारण ते परत फोडायला दुप्पट जातात. बेसिन, मिक्सर, चांगला लाइट हे नंतर केव्हाही. दुमडणारी दांडी आज परवडत नसेल तरी तिच्या जागी काँक्रीटचा पट्टा आजच घालून ठेवा. सरकारी मदतीचं म्हणाल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ च्या वरच्यांना ३,००० रुपये एकरकमी, त्यात वॉकर, कमोड खुर्ची असलं बसतं. उत्पन्नाची अट २ लाखांची आहे, आण्णांची पेन्शन त्याच्या वर जाते म्हणून आम्हाला मिळाली नाही, पण ज्यांचं बसतंय त्यांनी सोडू नये.

आता तक्रारी. दुकानानं कमोड पाठवला तो एस ट्रॅपचा, म्हणजे खाली जमिनीत जाणारा, आम्हाला पाहिजे होता पी ट्रॅप, मागं भिंतीत जाणारा. बिलावर पी लिहिलेलं, खोक्यात एस. बदलून दिला पण चार दिवस गेले आणि टेम्पोचं भाडं आमच्याकडनं मागितलं, बिल दाखवल्यावर सोडलं. खोकं टेम्पोतनं उतरायच्या आधी उघडून बघा. मिस्त्री दुपारनंतर फोन उचलत नाही, म्हणजे नाहीच. गावच्या जत्रेला दोन दिवस गेला, ते त्यानं आदल्या रात्री सांगितलं. दुमडणारी दांडी पहिल्यांदा एक इंच वर बसवली होती, मी फोटोवरनं माप दाखवलं तर कुरकुर न करता काढून परत बसवली, पण टाइलला एक जादा भोक राहिलं ते पांढऱ्या सिमेंटनं बुजवलंय. आणि बेसिनखाली एका कोपऱ्यात पाणी साचतं, वाटीभरच, पण साचतं.

काम चालू असताना १७ दिवस आण्णांचं काय, हे आधी ठरवा, आम्ही ठरवलं नव्हतं आणि पहिल्या दोन दिवसांत आईचे फार हाल झाले. मग मागच्या खोलीत पडदा लावून कमोड खुर्ची ठेवली, आणि आंघोळीला दिवसाआड मी सांगलीतच विश्रामबागला घेऊन जायची. काम पावसाळ्याच्या आधी उरकायचं म्हणून फेब्रुवारीत काढलं ते बरं झालं.

नवीन बाथरूममध्ये पहिल्या दिवशी आण्णा आत गेले, दार सरकवलं, आणि आम्ही सगळे बाहेर पॅसेजमध्ये गप्प उभे. आतनं बादलीत नळ सुटल्याचा आवाज आला, मग तांब्याचा कट्ट्यावर टेकल्याचा, मग बराच वेळ नुसतं पाणी ओतल्याचा. आईनं डोळ्याला पदर लावला. नोव्हेंबरापासनं पहिल्यांदा त्यांची आंघोळ कुणाच्या हाताशिवाय झाली. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पोराला चहा दिला का?" पोरगा म्हणजे मिस्त्री.

मिस्त्रीला पाचातले पाच, फोनचा एक मार्क कापून चार म्हणा हवं तर, मी कापत नाही. दुकानाला साडेतीन. कोपऱ्यातल्या पाण्यासाठी मिस्त्री पाडव्यानंतर येतो म्हणालाय, आला की तिथल्या चार टाइल्स काढून उतार परत करून घेणार आणि आरसा पण चार इंच खाली घ्यायचाय, खुर्चीवर बसून दाढी करताना आण्णांना फक्त कपाळच दिसतंय.